साडेअकरा पौंड महिना आणि दहा वर्षांचा करार : बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट

७ नोव्हेंबर हा दिवस राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्या दिवशी भाषणं होतात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी वाचून दाखवली जाते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. यादी ऐकून पोरं टाळ्या वाजवतात. पण या शिक्षणाला पैसा कुणी दिला, तो मध्येच कसा आटला आणि राहिलेलं शिक्षण पुरं करायला किती वर्षं गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. बाहेरच्या विद्यापीठाचा अर्ज भरायला बसलेल्या खेड्यातल्या मुलाला खरं तर तेच आधी सांगायला पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पेन्शन बेताची आणि घरात खाणारी तोंडं बरीच, पण मुलांच्या पुस्तकांसाठी रामजींनी कधी हात आखडता घेतला नाही. साताऱ्याहून कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आलं. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्या काळी महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही मोठी गोष्ट होती. सत्कार झाला, त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिलं.

केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन मोकळे झाले नाहीत. पुढं कॉलेजच्या खर्चाला घरचे पैसे पुरेनात, तेव्हा त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द पोचवला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्यावर बी.ए. झालं. मधला माणूस किती महत्त्वाचा असतो ते इथं दिसतं. अंगात हुशारी असून चालत नाही, योग्य दारापर्यंत नेऊन उभं करणारं कुणीतरी लागतं.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. थोडे दिवस झाले नाहीत तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. घरात कर्ता पुरुष राहिला नाही आणि पत्नी रमाबाईंच्या मांडीवर काही आठवड्यांचा यशवंत. अशा वेळी कुणीही गपगुमान नोकरी धरली असती. पण सयाजीराव महाराज काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवणार होते आणि भीमरावांचं नाव त्यांत आलं.

त्या शिष्यवृत्तीचा हिशेब नीट बघण्यासारखा आहे. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे महिन्याला १७२ रुपये ८ आणे. त्याच्या बदल्यात करार लिहून दिला तो असा, की शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायची. ४ जून १९१३ ला सही झाली. तीन वर्षांच्या शिक्षणावर दहा वर्षांची बांधिलकी, वय बावीस.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. राहायला वसतिगृह, जोडीला नवल भथेना नावाचा पारशी मित्र. हा मित्र पुढं आयुष्यभर उपयोगी पडला. सुरुवातीचे थोडे दिवस नव्या शहरात फिरण्यात गेले असतील, नंतर मात्र रात्र-दिवस अभ्यास. कोलंबियातल्या त्यांच्या नोंदीत अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम सापडतात. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पदवीला लागतं त्याच्या कितीतरी जास्त. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आहे, तेवढ्यात जे घेता येईल ते घेऊन टाकायचं, असा तो हिशेब दिसतो. पाणी पाळीचं असलं की शेतकरी चारी रिकामी ठेवत नाही, तसंच.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई यांच्या वर्गांचा त्यांच्यावर जन्मभराचा परिणाम झाला. १९१५ साली एम.ए. झालं. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे होते, खायचं होतं आणि जुनी पुस्तकंही घ्यायची होती. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी दोन हजारांच्या आसपास पुस्तकं जमवली असं चरित्रकार सांगतात. पोटाला चिमटा कुठं घेतला असेल ते यावरून कळतं.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी एकाच वेळी नाव घातलं. वर्षही पुरं झालं नाही आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या, असा बडोद्याचा निरोप आला. अर्धवट पीक सोडून यावं तसं यावं लागलं. एक शहाणपण मात्र केलं. प्राध्यापक कॅनन यांच्या मदतीनं विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी पदरात पाडून घेतली. तो कागद हातात नसता तर पुढचं सगळं अवघड होतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान वेगळ्या बोटीनं निघालं होतं, ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पुस्तकं, कागद समुद्रात गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये माणूस तेवढा मुंबईला उतरला. सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारीवर नेमणूक होती. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचं कुठं? अमेरिका आणि इंग्लंडमधल्या चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे त्यांच्या मनातून जवळजवळ पुसलं गेलं होतं. बडोद्याच्या फलाटावर ते परत समोर आलं. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी जागा मिळवली. दुसरा पाहुणा नाही, आजूबाजूला मोडकं सामान, संध्याकाळी अंधार. कचेरीतून आल्यावर पुस्तक घेऊन वेळ काढायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी मंडळी दारात उभी राहिली. आठवडाभर तरी राहू द्या, अशी त्यांनी विनवणी केली. संध्याकाळपर्यंत बाहेर पड, असं सांगण्यात आलं. एक हिंदू ओळखीचे आणि एक ख्रिस्ती ओळखीचे, दोघांकडेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. कोलंबियाचा एम.ए. झालेला, सव्वीस वर्षांचा माणूस.

दहा वर्षांचा करार बडोद्यात असा अकरा दिवसांत मोडला. सयाजीरावांनी पैसे दिले, त्यांचा हेतू चांगला होता, त्यात शंका नाही. पण राजाची सही शहरातल्या एका खोलीचं दार उघडू शकली नाही.

मुंबईत आल्यावर शिकवण्या, किरकोळ कामं सुरू झाली. याच काळात, १९१८ साली, त्यांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेतकऱ्यांनी तो आवर्जून समजून घ्यावा असा आहे. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा तुकडे एकत्र करा, वाटण्या थांबवा, असं त्या वेळचे अधिकारी आणि तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. शेत परवडणारं आहे की नाही ते नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या शेतावर भांडवल किती, बैल-अवजारं किती, राबणारे हात किती, यांचा मेळ बसतो का, त्यावर ठरतं. आपल्याकडं आहे त्या जमिनीलाच भांडवल पुरत नाही आणि तिच्यावर जगणारी माणसं मात्र जास्त. ही जादा माणसं शेतीतून निघून कारखानदारीत गेली पाहिजेत, तरच मागे राहिलेल्याला शेती परवडेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. शंभर वर्षांहून जुना निबंध आहे. आज दोन एकरांवर चार भावांची नावं असलेला सातबारा काढून बघावा म्हणजे पटेल.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. दुसरा कुणी असता तर इथं स्थिरावला असता. पण लंडनचा चार वर्षांचा परवाना खिशात होता आणि मुदत सरत होती. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत संसार काटकसरीनं चालला आणि पगारातली शिल्लक बाजूला पडत गेली. याच काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची ओळख झाली. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला त्याला महाराजांची मदत होती, मार्चमध्ये माणगावच्या परिषदेला ते स्वतः आले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब परत लंडनला निघाले. पदरची शिल्लक, भथेनांकडून उसने घेतलेले ५,००० रुपये आणि शाहू महाराजांचा हातभार अशी पैशांची मोट बांधली होती.

या वेळी डोक्यावर ना करार, ना महिन्याची हमी. लंडनमधली खानावळ कंजूष. सकाळी पावाचा तुकडा आणि एक कप पेय, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडायच्या वेळी हजर. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच. रात्री भूक लागली तर ओळखीच्यांनी दिलेले पापड भाजून खायचे आणि पुढं वाचत बसायचं. बसचे पैसे वाचवायला पायी चालायचं. प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे.

इकडं रमाबाई. दापोलीजवळच्या वणंद गावची ही बाई. लहान वयात लग्न झालेलं, नवरा सातासमुद्रापार आणि घरखर्च जेमतेम. या जोडप्याची चार मुलं बालपणीच गेली, एकटा यशवंत वाचला. शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यार्थ्याच्या गुणांचा रकाना असतो, मागं घर सांभाळणाऱ्याचा नसतो. हा हिशेब करार लिहून घेणाऱ्यांनीही धरला नव्हता.

१९२१ मध्ये लंडनची एम.एस्सी. मिळाली. जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी. शाहू महाराज मात्र त्याआधी महिनाभर, ६ मे १९२२ ला, वारले होते. डी.एस्सी.साठी विषय घेतला होता रुपयाचा. रुपयाची किंमत पौंडात कशी ठरते, सरकार ती कशी वरखाली करतं आणि त्याचा भार कुणावर पडतो, असा तो विषय. युद्धानंतर रुपयाचा भाव पार वर चढून पुन्हा कोसळला होता. त्याच दिवसांत रुपये देऊन पौंड घ्यायची पाळी आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही जाऊन आले. प्रबंधाची मांडणी परीक्षकांना फार कडक वाटली, ती बदलून मागितली. तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथं बसून मांडणी बदलली, निष्कर्ष तसेच ठेवले आणि प्रबंध पुन्हा लंडनला धाडला. त्याच वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली, पुस्तकही निघालं. वकिलीच्या सनदेला पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. कोलंबियाची पीएच.डी. तर कागदोपत्री १९२७ साली हातात आली. १९१३ ते १९२७, मोजा किती वर्षं झाली ते.

पुढचं आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. महाडचं चवदार तळं, गोलमेज परिषद, खोती बंद करण्यासाठी १९३७ चं विधेयक, संविधान. त्यातली शिक्षणाची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सरकारपुढे एक टिपण ठेवलं. अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी आणि परदेशी जाण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा, अशी त्यात मागणी होती. तीन लाख रुपये मंजूर झाले आणि त्यातून मुलं परदेशी गेली. फरक बारीक आहे पण मोठा आहे. त्यांना स्वतःला जे राजाच्या मर्जीवर आणि गुरुजींच्या ओळखीवर मिळालं, ते अर्ज करून हक्कानं मागता येईल अशी सोय त्यांनी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पाठोपाठ मुंबईचं सिद्धार्थ आणि औरंगाबादचं मिलिंद ही महाविद्यालयं उभी राहिली.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना सन्मानानं बोलावून एलएल.डी. दिली. १९१३ च्या जुलैत पहिल्यांदा तिथं उतरल्याला तेव्हा ३९ वर्षं होत आली होती. प्रकृती खालावलेली होती, तरी ते गेले. साडेचार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्याआधीच, १९५४-५५ मध्ये, केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली होती. आपल्या राज्य सरकारचीही अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी योजना आहे. तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. १९२० साली लंडनला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातात ज्यांनी पैसे ठेवले, त्यांचं.