रब्बीच्या हातातील क्रूस



अब्राहम ब्लोक यांचा जन्म १८५९ साली पॅरिस येथे एका यहुदी कुटुंबात झाला. रब्बी झाल्यावर त्यांनी वोज डोंगरातील रेमिरमों या छोट्या शहरात सेवेला सुरुवात केली. १८७१ साली आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला तेव्हा तिथली अनेक यहुदी कुटुंबे घरदार सोडून फ्रान्समध्ये आली होती. रेमिरमोंच्या लहानशा यहुदी समाजाची त्यांनी सुमारे तेरा वर्षे सेवा केली.

१८९७ साली ते अल्जिअर्सचे मुख्य रब्बी झाले. तो द्रेफ्यूस प्रकरणाचा काळ होता. १८९८ च्या जानेवारीत तिथे यहुद्यांविरुद्ध दंगली उसळल्या, दुकाने लुटली गेली. दुःखाची गोष्ट अशी की, फ्रान्समध्ये हा द्वेष पसरवणाऱ्यांत काही कॅथलिक वृत्तपत्रेही होती. हे सारे पाहिलेले ब्लोक १९०८ साली लिऑं शहराचे मुख्य रब्बी झाले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. ५४ वर्षांचे ब्लोक स्वेच्छेने लष्करात धर्मगुरू म्हणून दाखल झाले. २९ ऑगस्ट, शनिवार, म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ. वोज डोंगरातच, सँ-दिए शहराजवळ, तोफांच्या माऱ्यात ते जखमींना हलवत होते. एका जखमी सैनिकाला ते कॅथलिक धर्मगुरू वाटले. चुंबनासाठी त्याने क्रूस मागितला. ब्लोक यांनी क्रूस शोधून आणला व त्याच्या ओठांशी धरला. मग दुसऱ्या जखमीला गाडीकडे नेत असताना तोफगोळा लागून त्यांचा अंत झाला. त्यांच्या पथकातील जेझुइट फादर जामँ यांनी ही हकिगत त्यांच्या पत्नीला पत्राने कळवली.

ब्लोक यांनी आपला धर्म सोडला का? मुळीच नाही. क्रूसावर त्यांची श्रद्धा नव्हती. संस्कार देणे त्यांच्या हाती नव्हते, क्रूस देणे होते. ज्या क्रूसाचे नाव घेऊन त्यांच्या लोकांचा छळ झाला, तोच त्यांनी एका ख्रिस्ती माणसासाठी शोधून आणला. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठी आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा निषेध केला. ब्लोक यांनी प्रेमाची ती वाट पन्नास वर्षे आधीच चालून दाखवली होती.

आपण इस्पितळात आपल्या आजाऱ्यांना भेटायला जातो. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा माणूस असतो. त्याच्यापाशीही क्षणभर थांबू या, त्याला काय हवे ते विचारू या.

— तुमचे प्रमुख धर्मगुरू