वॉन न्यूमनची अरुंद वाट

मायक्रोप्रोसेसरच्या व्हायवात मला विचारलं, कॅश मेमरी मुळात लागते कशाला? मी एल-वन, एल-टू असं काहीतरी पुटपुटलो. 'कशाला' ते काही सांगता आलं नाही. उत्तर नंतर एका माणसाच्या चरित्रात सापडलं.

जॉन वॉन न्यूमन. जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. पोराला गणिताचं वेड, आणि बँकवाल्या वडिलांना काळजी की गणितावर याचं पोट कसं भरणार! (आपल्या घरचाच सीन.) मग तडजोड झाली. झुरिचला केमिकल इंजिनिअरिंग आणि त्याच काळात बुडापेस्टला गणिताची पीएच.डी. १९२६ पर्यंत दोन्ही खिशात. इथे आपली एक केटी सुटत नाही.

पुढे तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीन स्टेशनवर हर्मन गोल्डस्टाइन भेटला आणि फिलाडेल्फियात एनियाक बनतोय हे त्याला कळलं. जून १९४५ मध्ये त्याने एडव्हॅकचा अहवाल लिहिला: प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचे. गोल्डस्टाइनने तो सगळीकडे वाटला, पण वर नाव एकट्या न्यूमनचं. त्या यंत्रावर राबणारे एकर्ट आणि मॉचली गायब! हे मला आजही खटकतं. श्रेय त्याला चिकटलं ते चिकटलंच.

त्या रचनेत एक गोम होती. इन्स्ट्रक्शन काय, डेटा काय, सगळं प्रोसेसरकडे एकाच वाटेने येणार. मेसची एकच खिडकी आणि समोर अख्खं हॉस्टेल! प्रोसेसर कितीही चपळ असला तरी ताट मिळेपर्यंत उभाच. १९७७ साली जॉन बॅकसने या अडचणीला न्यूमनचंच नाव दिलं.

गंमत म्हणजे तोडगाही न्यूमनला दिसला होता. १९४६ साली बर्क्स आणि गोल्डस्टाइनसोबत लिहिलेल्या अहवालात त्याने मांडलं, की मोठीही आणि वेगवानही अशी एकच मेमरी बनवणं जमणार नाही, तेव्हा थर करा. लहान आणि वेगवान पुढे, मोठी आणि सावकाश मागे. नुकतं वापरलेलं आणि त्याच्या शेजारचं आपोआप जवळ ठेवणारी कॅश मात्र नंतर आली. मॉरिस विल्क्सने १९६५ मध्ये ती कागदावर मांडली, १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये ती दिसली.

न्यूमनने ते पाहिलं नाही. ८ फेब्रुवारी १९५७ ला कॅन्सरने गेला, वय ५३. प्रिन्स्टनच्या त्याच्या यंत्राची मेमरी होती ४० बिटांचे १०२४ शब्द, म्हणजे ५ केबी. शेवटी तो कॉम्प्युटर आणि मेंदू यांची तुलना लिहीत होता. ती अर्धवटच १९५८ मध्ये छापली.