रग्बी शाळेचे डॉक्टर आर्नल्ड

थॉमस आर्नल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या वाइट बेटावर झाला. त्यांचे वडील जकात खात्यात अधिकारी होते. परंतु थॉमस सहा वर्षांचे होण्यापूर्वीच ते निवर्तले. विंचेस्टर येथील शाळेत व पुढे ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले. १८१९ पासून नऊ वर्षे त्यांनी लेलहम गावी थोडी मुले घरी ठेवून शिकविली. ऑगस्ट १८२८ मध्ये ते रग्बी शाळेचे हेडमास्तर झाले.

त्या काळी इंग्लंडातील मोठ्या शाळांची स्थिती शोचनीय होती. मद्यपान, खोटे बोलणे व लहानांचा छळ हे नित्याचे झाले होते. शिक्षक छडीवर विसंबत आणि मुले शिक्षकांस शत्रू मानीत. रग्बी येथेच १७९७ साली मुलांनी बंड केले, तेव्हा ते मोडण्यास सैनिक बोलवावे लागले होते.

आर्नल्ड साहेबांनी शिस्तीचा पाया अंतःकरणात घातला. प्रथम धर्म व नीती, मग सभ्य वर्तन, आणि त्यानंतर बुद्धी, असा क्रम त्यांनी ठरविला. १८३१ साली त्यांनी शाळेच्या उपासनामंदिराचे पाळकपण वेतन न घेता पत्करले, आणि दर रविवारी ते मुलांस उपदेश करू लागले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवर त्यांनी धाकट्यांच्या वर्तनाची जबाबदारी सोपविली. ज्याच्या राहण्याने इतरांचा बिघाड होई, त्यास ते शाळेतून काढीत. त्यामुळे मुलांची संख्या घटली तरी ते डगमगत नसत. छडी त्यांनी अगदी सोडली नाही. परंतु खोटे बोलणे, मद्यपान व हट्टी आळस अशा दोषांपुरतीच ती राखली.

मुलाने सांगितलेला शब्द खरा मानावा, हा त्यांचा मोठा नियम होता. ज्या गुरूचा आपणांवर पूर्ण विश्वास आहे, त्याच्याशी लबाडी करण्याची मुलांस लाज वाटू लागली.

तथापि १८३२ साली या नियमाची कसोटी लागली आणि आर्नल्ड साहेब स्वतःच तीत उणे पडले. पाठाचा अमुक भाग वर्गात झालेलाच नाही, असे एका मुलाने सांगितले. वर्गशिक्षकाने झाला म्हणून सांगितले. साहेबांनी मुलास लबाड ठरवून फार कठोर मार दिला. मागून कळले की मुलगा खरे बोलत होता. तेव्हा त्या मोठ्या हेडमास्तरांनी मुलाची क्षमा मागितली, आणि सर्व शाळेपुढे आपली चूक पदरी घेतली. वर्तमानपत्रांनी त्यांची निंदा केली. अंगावर बसलेला मार क्षमेने परत घेता येत नाही, हेही खरेच; परंतु सत्याचा जो नियम मुलांस लागू, तोच गुरूसही लागू आहे, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

त्यांच्या कारकिर्दीत सर्वच दोष नाहीसे झाले असे नाही. धाकट्यांनी थोरल्यांची चाकरी करण्याची जुनी चाल त्यांनी राखली होती, आणि तिच्या आडून काही मुले जुलूम करीतच राहिली. तरी त्यांच्या हाताखालून गेलेले अनेक विद्यार्थी पुढे निरनिराळ्या शाळांत शिक्षक झाले व त्यांची पद्धत सर्वत्र नेली. त्यांचे शिष्य स्टॅन्ली यांनी १८४४ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

१२ जून १८४२ रोजी, रविवारी सकाळी, हृदयविकाराने त्यांस देवाज्ञा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांस सत्तेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. रग्बीच्या ज्या उपासनामंदिरात ते उपदेश करीत, तेथेच त्यांचा देह ठेविला आहे.

बंधूंनो, गावच्या शाळेत, शब्बाथ शाळेत व आपल्या घरांतही लेकरे आपल्या शिक्षेखाली असतात. छडी उचलण्यापूर्वी लेकराचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे; आणि आपल्या हातून अन्याय झालाच, तर आधी त्या लेकराजवळ जाऊन तो कबूल करावा व मगच प्रार्थनेस उभे राहावे.