ग्रॅम म्हणजे वजन नव्हे!

मित्रांनो, ग्रॅम म्हटलं की आपल्याला वजन आठवतं. आमच्या बायोटेकच्या जर्नलचं मात्र 'ग्रॅम पॉझिटिव्ह' आणि 'ग्रॅम निगेटिव्ह' यांच्याशिवाय पानही हलत नाही! हा ग्रॅम एक माणूस होता हे कळलं, तेव्हा मी त्याची माहिती शोधायला बसलो.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १८५३ चा, कोपनहेगनचा. आधी वनस्पतिशास्त्रात रमले, मग १८७८ मध्ये डॉक्टर झाले. १८८४ साली बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर ते न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांचे छेद तपासत होते. अडचण अशी, की रंग टाकला की पेशी आणि जंतू सगळंच रंगायचं. ग्रॅमनी जेन्शियन व्हायोलेटनंतर आयोडीन दिलं आणि मग अल्कोहोलने धुतलं. पेशींचा रंग गेला, जंतू राहिले!

पण टायफॉइडच्या जंतूंचाही रंग उडाला. पद्धत अजून अपुरी आहे, हे ग्रॅमनी छापून मोकळेपणाने कबूल केलं. पुढे हीच उणीव जगाच्या कामी आली. जाड भिंतीचे जंतू रंग धरतात, पातळ भिंतीचे सोडतात. आणि भिंत वेगळी म्हणून औषधही बऱ्याचदा वेगळं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रॅमनी पहिला बिट दिला. पुढचं गणित बघा. एपीआय २०ई नावाच्या पट्टीवर २० छोट्या चाचण्या असतात, शिवाय ऑक्सिडेजची एक. तीन-तीनचे गट करायचे, होकाराला १, २, ४ गुण द्यायचे, नकाराला शून्य. बेरजा मांडल्या की सात आकडी ऑक्टल नंबर तयार! त्यावरून कॉम्प्युटर जंतूचं नाव सुचवतो. पण ही पट्टी ग्रॅम निगेटिव्ह दंडाकार जंतूंसाठीच आहे. पहिला बिट चुकला, तर पुढचं सगळं गणित वाया.

मी बघितलेल्या सिम्युलेशनमध्ये एका क्लिकवर अल्कोहोल अगदी वेळेत थांबतं. खऱ्या स्लाइडवर जरा जास्त झालं, तर पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसतो. पायऱ्या पाठ करायला कॉम्प्युटर झकास. पण कधी थांबायचं, हे बेसिनपाशी उभं राहूनच कळतं.

ग्रॅम पुढे कोपनहेगनमध्ये आधी औषधशास्त्राचे आणि मग वैद्यकाचे प्राध्यापक झाले, १९२३ मध्ये निवृत्त झाले, १९३८ मध्ये वारले. तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला रंग उडाला तर लगेच स्लाइड फेकू नका. कदाचित तेच उत्तर असेल!