नेव्हिल व्हिन्टसेंट : हवाई टपालाचे एक प्रवर्तक

भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घालणाऱ्यांत जे. आर. डी. टाटा यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या नेव्हिल व्हिन्टसेंट यांचे चरित्रही आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घेतले पाहिजे.

व्हिन्टसेंट यांचा जन्म १९०२ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. तारुण्यात ते ब्रिटनच्या शाही वायुदलात वैमानिक होते व तेथील शौर्याबद्दल त्यांस पदकही मिळाले. वायुदल सोडल्यावर ते एका सोबत्यासह दोन विमाने घेऊन हिंदुस्थानात आले व ठिकठिकाणी लोकांस भाडे घेऊन आकाशाची सफर घडवू लागले. त्या वेळी विलायतेचे टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. तेथून मुंबई-मद्रासकडे मात्र ते आगगाडीनेच जाई. ही उणीव विमानाने भरून काढावी, अशी योजना त्यांनी १९२९ साली टाटांपुढे मांडली. सर दोराबजी टाटांनी दोन लक्ष रुपयांस संमती दिली. परंतु सरकारची मंजुरी मिळता मिळता तीन वर्षे लोटली. दुसरा एखादा निराश होऊन मायदेशी परतला असता. व्हिन्टसेंट यांनी मात्र धीर सोडला नाही. अखेर सरकारी अनुदानाची अटही सोडून देण्यात आली, तेव्हा १९३२ च्या एप्रिलात करार झाला.

दिनांक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले. तेथून ते टपाल व्हिन्टसेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासेस पोहोचविले. पदरी अवघी दोन लहान विमाने होती. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत सर्व बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. तरीही पहिल्याच वर्षी १,६०,००० मैलांचे उड्डाण होऊन साठ हजार रुपये नफा झाला.

दुसऱ्या महायुद्धात पुण्यास विमानांचा कारखाना काढण्याच्या खटपटीसाठी ते इंग्लंडला गेले. जानेवारी १९४२ मध्ये परत येताना त्यांचे लष्करी विमान नाहीसे झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरच या कर्त्या पुरुषाचा अंत झाला. त्यांनी वाढविलेली कंपनी १९४६ साली एअर इंडिया झाली, हे पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही.

विद्यार्थी मित्रहो, १९४९ पासून चारी दिशांची टपाल-विमाने मध्यरात्री आपल्या शेजारच्या नागपुरास एकत्र येऊ लागली. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेल्या गोंदियाजवळ, बिरसी येथे, आज वैमानिकांचे शिक्षण दिले जाते. तेव्हा आकाश आपणांपासून दूर नाही. मात्र तेथे गणित व पदार्थविज्ञान यांचा पक्का अभ्यास, निरोगी शरीर आणि दक्ष दृष्टी यांवाचून प्रवेश नाही. पालकांनीही मुलांची ही आकांक्षा केवळ धोक्याची म्हणून मोडून काढू नये. धोका व्हिन्टसेंट यांसही ठाऊक होता. पण ज्या कामाने लाखो माणसे एकमेकांजवळ येतात, ते काम त्यांनी त्या धोक्याहून मोठे मानले.