पंडिता रमाबाईंची केडगावची शेती: आधी पाणी, मग बाग आणि जनावरं

तिसगाव-पाथर्डी भागात गावठाण सोडून शेतात वस्तीवर राहायला जाणारी बरीच कुटुंबं आहेत. घर, चार गाई, परसबाग, एखादा एकर मोसंबी असा बेत असतो. तुम्हीही त्या विचारात असाल तर आधी पंडिता रमाबाईंची केडगावची शेती समजून घ्या. हे केडगाव नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. आपल्यासारखंच पर्जन्यछायेतलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिथे आश्रम बांधून संसार मांडला होता. पण आल्यागेल्याचा पाहुणचार करता करता पैसा संपला आणि रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब बाहेर पडलं. पुढे सगळी वर्षं तीर्थाटनात गेली. दक्षिणेतल्या दुष्काळाच्या काळात उपासमारीने खंगून आई-वडील गेले, तेव्हा रमाबाईंची विशीही आली नव्हती. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

कोलकात्यात मिळालेली पंडिता ही पदवी, १८८२ मध्ये आलेलं वैधव्य, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि त्यावरून उठलेलं वादळ हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलं असेल. आपल्या कामाचा भाग १८८९ नंतरचा आहे. मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांपुरतीच कबूल झालेली होती. ती थांबली तर मुलींनी खायचं काय? म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता, पण फळबागेला वेळ लागतो. लिंबूवर्गीय झाडाला धरण्याजोगा बहार यायला चार-पाच वर्षं जातात. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर घाईने तात्पुरता निवारा उभा राहिला. पुढे त्याचं मुक्ती सदन झालं. ज्या मुली सांगाडे होऊन आल्या, त्याच पुढे शेतात, गोठ्यात, तेलघाण्यावर, मागावर आणि छापखान्यात काम करू लागल्या. मला यातलं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. बाहेरून मजूर आणून ही शेती तगली नसती.

मग १८९९-१९०० मध्ये छप्पनचा दुष्काळ आला. गुजरातेतूनही मुली आणल्या आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली. शंभराहून जास्त जनावरं होती, शिवाय इमारतींची बांधकामं. या सगळ्याला विहिरी दोनच. दिवसभराच्या उपशाने त्या संध्याकाळी तळ गाठत आणि सकाळी पुन्हा पाणी साठलेलं असे. रमाबाईंनी ती देवाची कृपा मानली. आपल्या भाषेत तो विहिरीचा पाझर. झरे जिवंत होते म्हणून शेती वाचली.

तुमच्या विहिरीचा पाझर मे महिन्यात मोजा, पावसाळ्यात नको. संध्याकाळी विहीर उपसा, सकाळी पाणी किती चढलं ते पाहा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी चढलं तर साधारण २८,००० लिटर झाले. आता खर्च मांडा. घरात सहा माणसं असतील तर ३०० ते ३५० लिटर. चार संकरित गाई उन्हाळ्यात पिण्यालाच ३०० ते ४०० लिटर घेतात, गोठा धुणं वेगळं. घर-गोठ्याला हजारभर लिटर पुरतात. मोसंबीचं मात्र तसं नाही. ६ × ६ मीटरवर एकरी ११० झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज १०० लिटर धरले तरी ११,००० लिटर लागतात. आपल्याकडे लोक जनावरांना पाणी पुरेल का म्हणून घाबरतात आणि बाग बिनधास्त लावतात. पाझर ८,००० लिटरच असेल तर एकराऐवजी अर्धा एकर लावा. पहिली तीन वर्षं झाडांच्या ओळींत मूग, हरभरा, भाजीपाला घ्या. घरखर्च दुधावर आणि भाजीवर निघतो, बागेवर नाही.

रमाबाई अखेरपर्यंत केडगावलाच राहिल्या. ग्रीक आणि हिब्रू शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथेच छापलं. सगळा कारभार सोपवायचा ती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही सुरू आहे.