मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारे हान्स बर्गर

फळ्यावर जरा अवघड गणित घातलं की वर्गात शांतता पसरते. काही मुलं लक्षच नाही म्हणून गप्प असतात, तर काहींचं डोकं चालू असतं पण वाट सापडत नसते. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. आपण अर्धा मिनिट थांबतो आणि उत्तर सांगून मोकळे होतो. (मीही वर्षानुवर्षं हेच केलं.) डोकं चालू असतानाची ही शांतता आतून कशी असते, ते पहिल्यांदा कागदावर दाखवलं जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी कोबुर्गजवळच्या नॉयसेस गावी झाला. आईचे वडील फ्रीडरिख र्‍युकर्ट हे प्रसिद्ध कवी. आपल्या नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये आणली होती. नातवाला मात्र खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं. त्यासाठी तो गणित शिकायला गेला, पण एका सत्रातच ते सोडून वर्षभरासाठी घोडदळात भरती झाला.

तिथे कवायतीच्या वेळी घोडा उधळला आणि बर्गर तोफगाड्याच्या वाटेत पडले. चाक अगदी जवळ येऊन थांबलं म्हणून वाचले. त्याच दिवशी वडिलांची तार आली, तब्येत कशी आहे म्हणून! दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असं आतून वाटलं होतं. आपण याला योगायोग म्हणू. बर्गर यांना ते पटेना. मनातून काहीतरी ऊर्जा बाहेर पडत असली पाहिजे, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि १८९७मध्ये येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले.

म्हणजे गंमत बघा, सुरुवातच मुळी चुकीच्या समजुतीतून झाली. पुढची वीसेक वर्षं त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. मेंदूतलं रक्ताभिसरण मोजून झालं. मेंदूचं तापमान मोजलं, त्यावर १९१०मध्ये पुस्तकही लिहिलं. मनाची ऊर्जा कुठे सापडेना. प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म वीज असते हे इंग्लंडच्या रिचर्ड केटन यांनी १८७५मध्येच दाखवलं होतं. माणसाच्या डोक्यावरून ती टिपायची तर एका व्होल्टच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम काही दहा भाग मोजावे लागणार, आणि हाताशी उपकरण म्हणजे हृदयासाठी बनवलेलं गॅल्व्हानोमीटर.

१९१९मध्ये ते रुग्णालयाचे प्रमुख झाले. दिवसभर रुग्ण आणि कारभार, मग आपले प्रयोग. १९२४मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असताना पहिली थरथरती रेषा मिळाली. पण ही खरंच मेंदूची, की नाडीची, की नुसती त्वचेची? पाच वर्षं त्यांनी काही छापलं नाही. स्वतःच्या आणि मुलगा क्लाउसच्या डोक्याला तारा जोडून पुन्हा पुन्हा नोंदी घेत राहिले. पहिला निबंध आला १९२९मध्ये. ई.ई.जी. या आज सर्वपरिचित असलेल्या तपासणीचा हा जन्म.

डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला साधारण दहा अशा मोठ्या, संथ लहरी उमटतात. त्यांना त्यांनी अल्फा म्हटलं. मुलगी इल्झे हिला त्यांनी एक तोंडी गणित घातलं: पाच पूर्णांक एक-तृतीयांश गुणिले तीन पूर्णांक एक-तृतीयांश. (उत्तर सतरा पूर्णांक सात-नवमांश. मला कागद घ्यावा लागला!) ती विचार करू लागताच मोठ्या लहरी मावळल्या, रेषा जवळजवळ सपाट झाली. म्हणजे पोरगी गप्प, कागदावरची रेषाही गप्प, आणि मेंदू मात्र पूर्ण कामात. पुढे इतर संशोधकांना असंही आढळलं की गोंधळ होतो, दोन उत्तरांत ओढाताण होते किंवा आपली चूक लक्षात येते, तेव्हा कपाळाच्या मध्यभागी सेकंदाला चार ते आठ अशा थीटा लहरी वाढतात. लहरी एवढंच सांगतात. मूल काय विचार करतंय ते सांगत नाहीत. बर्गर शोधत होते ती मनाची ऊर्जाही त्यांत सापडली नाहीच.

सुरुवातीला त्यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

इथेच थांबलो असतो तर चरित्र छान झालं असतं. पण नाझी राजवटीत ‘आनुवंशिक आजारी’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा १९३३मध्ये आला. त्याच्या यादीत पहिलं नाव होतं जन्मजात मंदबुद्धी असणाऱ्यांचं. त्याची प्रकरणं ठरवणाऱ्या येनाच्या वरिष्ठ न्यायालयात बर्गर बसत होते. गप्प डोक्यात काय चालतं हे ज्यांनी दाखवलं, तेच अशा माणसांचा निकाल देत होते. कितीतरी वर्षं त्यांच्या चरित्रांत हा भाग नसायचा. वरच्या वर्गांना तो सांगावा असं मला वाटतं.

१९३८मध्ये ते निवृत्त झाले. नंतर नैराश्याने घेरलं आणि १९४१मध्ये येना इथेच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. इल्झेच्या गणिताची ती पट्टी मेंदूविज्ञानाच्या पुस्तकांत अजून छापली जाते.